ख्रिस पेरीची लोर्ना



आष्टीच्या माणसाला गाण्याची ताकद सांगावी लागत नाही. ऑगस्ट १९४२ मध्ये इथल्या पोलीस ठाण्यावर लोक चालून गेले, गोळ्या चालल्या, माणसं पडली. त्याआधी या भागातून तुकडोजी महाराजांची खंजिरी वाजून गेली होती. इंग्रजाला त्या खंजिरीचं भेव वाटलं, म्हणून त्यानं महाराजांना त्याच साली तुरुंगात टाकलं. गावाच्या नावाला पुढे 'शहीद' लागलं. महाराजांचं नाव झालं, ते व्हायलाच पाहिजे होतं. पण खंजिरीच्या मागं बसून ज्यांनी ओळ झेलली, घसा बसेस्तोवर रात्र रात्र ओढून नेली, त्या टाळकऱ्यांची नावं कोणत्या वहीत आहेत?

झीलकऱ्याला इतिहास नसतो, हे आपल्याला ठाऊक आहे. मला मात्र आज अशा एका बाईबद्दल लिहायचं आहे जी झीलकरी नव्हती. ती पुढं उभी होती, माईकसमोर, दिव्याच्या झोतात. अख्ख्या गोव्याच्या तोंडावर तिचं नाव होतं. आणि तरी स्वतःच्या गाण्यावर तिची मालकी नव्हती.

लोर्ना. जन्म १९४६. मुंबईत वाढलेली गोव्याची ख्रिस्ती बाई. ती जॅझ गायची. आणि ज्याची गाणी गायची तो ख्रिस पेरी. मूळ आडनाव परेरा, मडगावच्या बोर्डा भागातला, जन्म १९२८. ट्रम्पेट वाजवायचा, सॅक्सोफोन वाजवायचा, बँड चालवायचा, कोंकणी रंगभूमीसाठी गाणी बांधायचा. शब्द त्याचे, चाल त्याची, वाजंत्री त्याची. आवाज तिचा.

तुम्ही म्हणाल, हा गिरणीतला पोरगा, आंबेडकरी चळवळीतला, आणि यानं हे जॅझ-बिझ काहून काढलं? ते तर मोठ्या हॉटेलातल्या साहेबलोकांचं संगीत. दारूच्या ग्लासासोबत ऐकायचं.

ऐकणारे कोण होते ते खरं आहे. बनवणारे कोण होते ते बघा. जॅझ बनवलं ते अमेरिकेतल्या गुलामांच्या नातवंडांनी. ज्यांच्या आजोबाला बाजारात विकलं त्यांनी. १९७२ साली आपल्या पोरांनी संघटनेला 'पँथर' नाव दिलं, ते कुठून घेतलं? तिकडच्या काळ्या पोरांकडून. बाबासाहेबांनी १९४६ मध्ये अमेरिकेतल्या काळ्या लोकांचे विद्वान पुढारी डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहून, त्यांचे लोक संयुक्त राष्ट्रांकडे जो अर्ज नेत होते त्याची प्रत मागितली होती. नातं जुनं आहे. आपण त्यांचं राजकारण घेतलं, कविता घेतली. त्यांचं संगीत मात्र हॉटेलवाल्यांसाठी सोडून दिलं.

पण ते संगीत आपल्यापर्यंत येऊन पोचलंय, आपल्याला पत्ता नाही इतकंच. १९३५ मध्ये लिऑन ॲबी नावाचा काळा बँडवाला आपले वादक घेऊन मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात आला. त्याच्या मागून क्रिकेट स्मिथ आला, टेडी वेदरफर्ड आला. त्यांचं बघून, त्यांच्या शेजारी बसून गोव्याचे वादक जॅझ शिकले. हे गोवेकर चर्चच्या शाळेत लहानपणीच सूर वाचायला शिकलेले होते. कागदावरचं संगीत त्यांना पेपरासारखं वाचता यायचं. पुढं हेच लोक हिंदी सिनेमाच्या रेकॉर्डिंगला गेले. संगीतकाराच्या डोक्यात चाल असायची, पण चाळीस-पन्नास वाद्यांनी कोणी कुठं काय वाजवायचं हे कागदावर उतरवायचं काम गोव्याच्या माणसाचं. त्याला अरेंजर म्हणत. आपला चितळकर म्हणजे सी. रामचंद्र, पुणतांब्याचा, त्याच्या पाठीशी चिक चॉकलेट होता. याचं खरं नाव आंतोनियो झेवियर वाझ, याला मुंबईचा लुई आर्मस्ट्राँग म्हणायचे. 'अलबेला' (१९५१) मधल्या नाचाच्या गाण्यांत जी तुतारी कानात घुसते ती त्याच जगातून आलेली आहे. शंकर-जयकिशनजवळ सेबॅस्टियन डिसोझा. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस, त्यांच्याजवळ प्यारेलाल व्हायोलिन शिकले आणि मग १९७७ च्या सिनेमात गुरूचं नाव गाण्यात घातलं. लोकांनी ते गाणं गमतीचं म्हणून ऐकलं. तो खरा माणूस होता हे फार थोड्यांना माहीत होतं.

आता आपल्या भीमगीतांच्या वह्या काढा. कितीक गाण्यांच्या डोक्यावर कंसात लिहिलेलं आहे, चाल अमुक सिनेमाची. आपल्या शाहिरांनी सिनेमाची चाल घेतली आणि तिच्यात बाबासाहेब भरले. काही बिघडलं नाही, चाल ही नदी आहे. पण त्या चालीसोबत न्यू ऑर्लिन्सच्या काळ्या माणसाचा श्वास आणि मडगावच्या ख्रिस्ती पोराची फुंकर १४ एप्रिलला आपल्या मंडपात येते. म्हणून हे जॅझ परकं नाही.

फुंकर म्हटलं म्हणून एक आठवलं ते इथंच सांगतो. मुंबईच्या गिरण्यांत अस्पृश्याला साचेखात्यात घेत नव्हते. काहून? तर धोट्यातला धागा तोंडानं ओढून काढायचा असायचा. अस्पृश्याचं तोंड धोट्याला लागलं की सवर्ण विणकराला विटाळ. जास्त पगार साचेखात्यात, आणि ते दार तोंडापायी बंद. १९२८ च्या मोठ्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांपुढं ठेवला, तेव्हा लाल बावट्याचे लोकही गडबडले. आणि त्याच समाजात तोंडानं वाजवायची वाद्यं बघा. सनई, शिंग, तुतारी. ती कोणाच्या वाट्याला? खालच्या जातींच्या. लग्न तुमच्या वाजवण्याशिवाय लागत नाही, पण तुम्ही मंडपाच्या बाहेर. तोंड वापरून घ्यायचं आणि तोंडाला शिवायचं नाही. म्हणून तर आपल्या लोकांनी गावकीसोबत वाजवणंही टाकलं. टाकलं ते बरोबरच केलं. पण त्यासोबत हातातली एक विद्या गेली, हे दुःख माझ्यासारख्या गाण्याच्या वेड्याला होतं, ते लपवत नाही.

गोव्यात ख्रिस्ती झाल्यावर जात गेली असं कोणी समजू नये. बामण, चाड्डो, सुदीर हे तिथंही राहिलं, चर्चच्या आत राहिलं, मिरवणुकीत कोण पुढं नि कोण मागं यात राहिलं. फरक इतकाच की ट्रम्पेटला विटाळ नव्हता.

आता नाटकाकडं येतो.

कोंकणी तियात्र सुरू झालं ते गोव्यात नाही, मुंबईत. १७ एप्रिल १८९२ ला न्यू आल्फ्रेड थिएटरात लुकासिन्हो रिबेरो यांनी 'इटालियन भुरगो' केलं. बघणारे कोण? बोटीवरचे खलाशी, साहेबाच्या घरचे स्वयंपाकी, आया, बटलर, बँडवाले. गावागावाच्या नावानं त्यांच्या खोल्या होत्या, त्यांना कूड म्हणत. धोबीतलावच्या, माझगावच्या त्या कुडींत माणसं पेट्यांवर पेट्या ठेवून राहायची, बोट लागली की निघायची. परळ-लालबागच्या आपल्या गिरणी कामगाराच्या गाळ्यात आणि त्या कुडीत मला काही फार अंतर दिसत नाही. कामगाराला गावाकडची भाषा पाहिजे असते, रविवारी हसायला पाहिजे असतं आणि मालकाला शिवी द्यायला जागा पाहिजे असते. आपल्याला ती तमाशात मिळाली, जलशात मिळाली. त्यांना तियात्रात.

तियात्राची गंमत त्याच्या गाण्यात आहे. सहा-सात पडदे असतात. एक पडदा पडला की दुसरा उघडेस्तोवर गाणारा पुढं येतो आणि कांतार म्हणतो. त्या कांताराचा गोष्टीशी संबंध असेलच असं नाही. गावच्या सावकारावर असेल, मंत्र्यावर असेल, दारुड्या नवऱ्यावर असेल. जलशात वगाच्या आधी जशी रोखठोक पदं येतात, तसं. फक्त खाली ढोलकीच्या जागी ट्रम्पेट, सॅक्सोफोन आणि ड्रम. म्हणजे जॅझचा सगळा सरंजाम कामगाराच्या नाटकात आधीच येऊन बसला होता. आणि ती भाषा कोंकणी. गोव्यातला शिकलेला वरचा माणूस घरात पोर्तुगीज बोलायचा, कोंकणी ही स्वयंपाकघरातली, नोकराशी बोलायची भाषा. आपल्या बोलीला जसं 'गावंढळ' म्हणून हिणवतात तसंच.

ख्रिस पेरी या दोन्ही जगातला माणूस. रात्री चर्चगेटच्या हॉटेलात, ॲस्टोरियातल्या 'व्हेनिस'मध्ये बँड वाजवायचा, तिथं इंग्रजी. आणि इकडं कोंकणी रंगभूमी. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यानं 'नवरो म्हजो देंवचार', 'तूं आनी हांव' अशी स्वतःची संगीत नाटकं उभी केली. १९७७ मध्ये 'भुंयारांतलो मुनिस' हा कोंकणीतला पहिला रंगीत सिनेमा काढला. हिंदी सिनेमाच्या रेकॉर्डिंगचं कामही केलं. त्यानं काय केलं ते एका वाक्यात सांगायचं तर नोकराच्या भाषेला हॉटेलातला बँड दिला. कोंकणीला त्यानं सुटाबुटात उभं केलं, पण तिची जीभ नाही बदलली. हे मोठं काम आहे. माझा त्याच्यावर राग आहे, तो पुढं येईल, पण हे काम मोठं आहे.

आणि त्या कामाला आवाज लोर्नाचा. एचएमव्हीच्या लहान तबकड्या निघाल्या. 'बेबदो' म्हणजे दारुडा. 'पिसो' म्हणजे वेडा. नावं बघा. ही प्रेमिकाच्या चंद्र-चांदण्याची नावं नाहीत, ही माणसं गल्लीत भेटतात. कांतारातलीच माणसं, फक्त आता त्यांच्यामागं मोठ्या बँडचा झपाटा. लोर्नाचा आवाज बारीक, गोड, देवघरातल्या घंटीसारखा नव्हे. त्या काळात आपल्या रेडिओवर बाईचा आवाज म्हटला की तो एकाच जातीचा, उंच आणि कोवळा. ही बाई छातीतून गाते. जाड आवाज, त्याला कडा आहे. ओळीच्या शेवटी ती सूर सोडत नाही, फेकते. ट्रम्पेट तिला उत्तर देतो आणि ती ट्रम्पेटाला परत उत्तर देते, भांडण चालल्यासारखं. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला कोंकणीतलं निम्मं कळलं नव्हतं, पण ही बाई कोणाला भीत नाही एवढं कळलं. आपल्याकडं जात्यावरच्या, रोवणीच्या बाया अशा गातात. माईक नसतो इतकंच.

ज्यानं ट्रम्पेट लिहिला त्यानं हा आवाज ऐकून लिहिला. हे कोण्याही वादकाला विचारा. संगीतकार हवेत चाल बांधत नाही, समोरच्या गळ्याला बेतून बांधतो, जसा शिंपी अंगाला बेतून कापतो. मग कपडा शिंप्याचा की अंगाचा?

पुढं काय झालं? १९७० च्या दशकाच्या पहिल्या काही वर्षांतच ती गायची थांबली. दोघांची वाट वेगळी झाली आणि तिचा आवाज लोकांपुढून गेला. एक-दोन वर्षं नाही. १९९५ पर्यंत. दोन दशकांहून जास्त! तिच्या पंचविशीपासून पन्नाशीपर्यंतची वर्षं. गाणाऱ्याच्या आयुष्यातली हीच तर वर्षं असतात. ती गेली.

त्या दोघांच्या खासगी नात्यावर लोकांनी पुष्कळ चघळलं आहे. त्यावर सिनेमेवाल्यांनीही हात धुऊन घेतले. मी ते इथं आणणार नाही. बाईच्या गाण्याचा विषय निघाला की मंडळी ताबडतोब तिच्या बिछान्याकडं जातात, ही आपल्या समाजाची जुनी खोड आहे. मला प्रश्न वेगळा पडतो. बँडवाला बँडबरोबर जगत राहिला, नाटकं केली, सिनेमा काढला. गाणारी घरी बसली. दोघांनी मिळून उभं केलेलं घर पडलं तेव्हा विटा एकाच्याच निघाल्या, हे कसं?

त्याचं एक उत्तर कायद्यात आहे. १९५७ चा कॉपीराइट कायदा काढून बघा. त्यात गाण्याचे शब्द लिहिणाऱ्याला हक्क, चाल बांधणाऱ्याला हक्क, रेकॉर्ड काढणाऱ्या कंपनीला हक्क. गाणाऱ्याला? काही नाही. आणि संगीताची व्याख्या काय, तर जे कागदावर लिहिलेलं, छापलेलं आहे ते. म्हणजे नोटेशन येणाऱ्याचं ते संगीत. आपल्या जलशेवाल्याची, भजनवाल्याची, जात्यावरच्या बाईची चाल कायद्यापुढं संगीतच नव्हती! मनूनं वेद ऐकणाऱ्याच्या कानात शिसं ओतायला सांगितलं असं आपण भाषणात म्हणतो. या कायद्यानं कानात काही ओतलं नाही, नुसतं 'कागद दाखवा' म्हटलं. काम तेच झालं. १९७७ मध्ये सिनेमातल्या गाण्यांच्या हक्काचा एक खटला सर्वोच्च न्यायालयात निकाली निघाला. त्यात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी निकालासोबत एक वेगळी टीप जोडली. गाणारा आपला जीव ओततो आणि कायद्यात त्याला जागा नाही, हे संसदेनं बघावं, असा तिचा रोख. संसदेनं बघायला सतरा वर्षं घेतली. १९९४ च्या दुरुस्तीनं गाणाऱ्या-वाजवणाऱ्याला 'कलाकाराचा हक्क' मिळाला, संगीताच्या व्याख्येतली कागदाची अटही गेली. ती दुरुस्ती अमलात आली १९९५ मध्ये. लोर्ना परत गायला उभी राहिली तेच साल. एकाचा दुसऱ्याशी संबंध आहे असं मी म्हणत नाही. पण तिच्या गाण्याची पहिली सगळी वर्षं जुन्या कायद्याखाली गेली, हे तर खरं.

मी सूतगिरणीत रिंगफ्रेमवर आहे. धागा तुटला की चिमटीत धरून जोडायचा, पाळीभर हेच. बाहेर जातो तेव्हा कोनाच्या आत गिरणीचं लेबल असतं, काउंट लिहिलेला असतो. कोणाच्या बोटांनी किती वेळा जोडला ते धाग्यालाच माहीत. त्यामुळे आवाज ही मजुरी आहे हे मला लवकर पटतं. साहित्यवाल्यांना पटत नाही. ते म्हणतात, कवी निर्माता आणि गायक म्हणजे माध्यम. माध्यम! मी पण मग कापसाचं माध्यमच म्हणायचा.

आपल्या परंपरेत कवीनं यावर एक तोड काढली होती. शेवटच्या कडव्यात आपलं नाव ओवायचं. तुका, चोखा, आणि आपले वामनदादा कर्डकसुद्धा. ज्याला गाणं म्हणायचं त्याला कवीचं नाव तोंडातून काढावंच लागतं, टाळता येत नाही. याला मुद्रा म्हणतात. शाई नसलेल्या माणसाची ही सही. पण त्यातही बाया बघा. जनाबाई स्वतःचं नाव कसं घालते? नामयाची जनी. सोयराबाई काय म्हणवते? चोख्याची महारी. सहीतसुद्धा आधी मालकाचं, नवऱ्याचं नाव. आणि त्या तरी कवयित्री होत्या. नुसती गाणारी असेल तर तिला मुद्राच नाही. श्वासावर सही करता येत नाही.

पवळेचं उदाहरण तर आपल्या घरातलं. पठ्ठे बापूराव म्हणजे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी, १८६६ ते १९४५. ब्राह्मणानं जात सोडून तमाशात उडी घेतली म्हणून त्यांचं केवढं कौतुक. ढिगानं लावण्या लिहिल्या. त्या गाणारी, नाचणारी पवळा, संगमनेरकडची महार बाई. गर्दी कोणाला बघायला जमायची? इतिहास म्हणतो पठ्ठे बापूरावांची लावणी, पठ्ठे बापूरावांची पवळा. बापूराव महाडच्या सत्याग्रहासाठी तमाशाच्या खेळांचे पैसे द्यायला निघाले आणि बाबासाहेबांनी ते घेतले नाहीत. महाराच्या बाया नाचवून मिळवलेला पैसा मला नको, हा त्यांचा मुद्दा. आपण ही गोष्ट छाती फुगवून सांगतो, आणि सांगावीच. पण तिथंच थांबतो. पवळेला काय वाटलं, तिचा हिस्सा किती, हे आपणही विचारलं नाही. बापूरावाला नाकारलं, पवळेला विसरलो. दोन्ही वेळा ती बिननावाचीच.

म्हणून मी मथळ्यात लिहिलं, ख्रिस पेरीची लोर्ना. षष्ठीचा प्रत्यय फार वाईट आहे लेकहो.

हे सगळीकडं असंच चालतं का? अमेरिकेत एक वेगळा प्रकार घडला, तो सांगितला पाहिजे, कारण नाटकवाल्या संगीतकाराची गाणी जॅझ गाणारीनं म्हणायची ही रीतच तिकडून आली. एला फिट्झजेराल्ड. जन्म १९१७. पंधराव्या वर्षी आई मेली, सुधारगृहात डांबली, तिथून पळाली, हार्लेमच्या रस्त्यावर राहिली. १९३४ मध्ये अपोलो थिएटरात हौशी लोकांच्या स्पर्धेत उभी राहिली आणि जिंकली. १९५६ मध्ये तिनं कोल पोर्टरची बत्तीस गाणी रेकॉर्ड केली. हा पोर्टर न्यूयॉर्कच्या ब्रॉडवे नाटकांचा संगीतकार, गोरा, गडगंज घरचा, येलमध्ये शिकलेला. गाणी नाटकात होती तोवर त्या गोष्टीत, त्या पडद्यात अडकलेली होती. एलानं ती नाटकातून सोडवली. नाटकं विसरली गेली, गाणी तिच्या गळ्यातून राहिली. मग १९६४ पर्यंत एकामागून एक आठ गीतकार-संगीतकारांच्या गाण्यांचे असे संच निघाले. त्या आठांत काळा माणूस एकच, ड्यूक एलिंग्टन. बाकीच्यांच्या रंगभूमीवर काळ्या बाईला बहुधा मोलकरणीचंच काम मिळायचं.

मोठं नाव झालं म्हणून तिची जात, म्हणजे कातडी, सुटली नाही. १९५४ मध्ये ऑस्ट्रेलियाला जाताना होनोलुलूत तिला तिकीट असून विमानात परत चढू दिलं नाही, तिनं कंपनीवर दावा ठोकला. १९५५ मध्ये ह्यूस्टनला तिचा कार्यक्रम होता. काळे-गोरे एकत्र बसतील, वेगळ्या रांगा नाहीत, ही अट तिचा व्यवस्थापक नॉर्मन ग्रँझ यानं घातली होती. पोलीस कपडे बदलायच्या खोलीत घुसले, फासे खेळल्याच्या आरोपाखाली तिलाच पकडून नेलं.

पण त्या तबकड्यांचं वेष्टन बघा. वर लिहिलं आहे, एला फिट्झजेराल्ड गाते आणि मग कोल पोर्टरची गाणी. कर्ता ती. तो कर्मात. वाक्य फिरलं. ते फिरायला तिच्या पाठीशी कोण होतं, तर रांगा मोडायला तयार असलेला व्यवस्थापक, तिच्याभोवती उभी केलेली कंपनी, कोर्टात जायची तिची स्वतःची हिंमत आणि काळ्या लोकांची उठलेली चळवळ. नुसत्या गोड गळ्यानं वाक्य फिरत नाही. लोर्नाच्या पाठीशी यातलं काही नव्हतं. गोव्याच्या वादकांची मजबूत संघटना असती, हिंदी सिनेमाच्या श्रेयनामावलीत अरेंजरचं नाव घालायला लावणारी, तर कदाचित गाणारीलाही कोणी विचारलं असतं. पण ज्यांनी स्वतःचंच नाव मागितलं नाही ते हिचं कुठून मागणार? शिफ्टचे पैसे घ्यायचे, ट्रम्पेट पेटीत ठेवायचा, लोकल पकडायची. हे मी दोष म्हणून नाही सांगत. पाळी सुटल्यावर आपणही तेच करतो.

१९९५ मध्ये ती परत उभी राहिली. वादक रॉनी मोन्सेराट यानं तिला परत गायला आणलं. जी कॅसेट निघाली तिचं नाव 'हॅलो लोर्ना'. यात कोणाची षष्ठी नाही. गोव्यात तिच्या कार्यक्रमाला लोटलेल्या गर्दीत अशी पोरं होती जी ती थांबली तेव्हा जन्मली पण नव्हती. त्यांनी ही गाणी आईबापाच्या तबकड्यांवर, लग्नाच्या मंडपात, बोटीवरून आलेल्या काकाच्या टेपवर ऐकली होती. ती गप्प होती तेवढी वर्षं गाणी गप्प नव्हती. आवाज मात्र मधल्या काळात जाड झाला होता, वर चढताना थोडा घासायचा. मला तो जास्त आवडतो. हे माझं मत, संगीताच्या जाणकारांनी खुशाल हसावं.

ख्रिस पेरी जानेवारी २००२ मध्ये वारला. त्यानंतर बार्द्रॉय बार्रेटो यांनी त्या काळच्या गाण्यांवर 'नाचुं-या कुंपासार' हा सिनेमा केला. त्याला २०१४ सालचा उत्कृष्ट कोंकणी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. ट्रम्पेटवाल्याचं आणि गाणारीचं नाव त्यात बदललेलं आहे, पण गोव्याच्या माणसाला सांगावं लागत नाही.

आणि आता उलटं झालं आहे ते बघा. शब्द पेरीचे, चाल पेरीची, बँड पेरीचा, कायद्यानं हक्क पेरीचा. पण गोव्याच्या लग्नात आजही कोणी बँडवाल्याजवळ फर्माईश करायला जातो तेव्हा 'ख्रिस पेरीचं गाणं लाव' असं क्वचितच म्हणतो. तो म्हणतो, लोर्नाचं लाव.